चाकू महागाईच्या मागे राहिला, तरी कारखाना टिकला. तुमच्या भावाचं काय?



"किंमत कशी ठरवायची" या विषयाची बॅच कुठेही घेतली तरी एक प्रश्न येतोच येतो. "सर, महागाई वाढलीय, मग मी भाव किती टक्क्यांनी वाढवू?" आणि त्याच्या पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, दुसरा: "वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल का हो?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पहिल्या प्रश्नात आपण एक गोष्ट न तपासता धरून चालतो, की महागाई वाढली म्हणजे प्रत्येक वस्तूचा भाव तेवढाच वाढतो आणि वाढायलाच हवा. तसं होत नाही. काही वस्तू महागाईच्या पुढे पळतात, काही तिच्या कितीतरी मागे राहतात. आपली वस्तू यातल्या कुठल्या गटातली आहे हे न बघता जो भाव ठरवतो, तो एकतर गिऱ्हाईक घालवतो नाहीतर स्वतःची मजुरी घालवतो. दुसरा प्रकार जास्त दिसतो, कारण तो लवकर कळत नाही.

हे समजावायला या वेळच्या व्हिडिओत मी जरा वेगळं उदाहरण घेतलं: खिशात मावणारा घडीचा चाकू. व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

चाकूच का? कारण तुलनेला योग्य वस्तू सापडणं अवघड असतं. साठ वर्षांपूर्वीचा टीव्ही आणि आजचा टीव्ही यांची तुलना होत नाही, वस्तूच बदलली. बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत तीच राहते आणि आतलं वजन उतरतं. घडीचा चाकू मात्र तोच आहे. एक पातं, एक मूठ, पातं ज्यावर फिरतं तो खिळा आणि मागची स्प्रिंग. आजोबांचा चाकू नातवाच्या हातात दिला तर त्याला काही शिकवावं लागत नाही.

१६ डॉलरचा चाकू

अमेरिकेत बक नावाचं एक चाकूवालं घराणं आहे. होयट बक हा कॅन्सस राज्यातला लोहार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जुन्या, झिजलेल्या कानशी घेऊन त्यांच्या सुऱ्या बनवायचा. पुढे मुलगा अल याने कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला धंदा चालवला, १९६१ साली त्याची कंपनी झाली, आणि १९६४ साली त्यांनी '११०' क्रमांकाचा घडीचा चाकू बाजारात आणला. उघडल्यावर पातं घट्ट लॉक व्हायचं, त्यामुळे शिकाऱ्याला कमरेला मोठी सुरी बांधून फिरायची गरज उरली नाही. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. हा चाकू आजही बनतो, आणि समोर ठेवला तर ६४ सालचा कुठला आणि आत्ताचा कुठला हे जाणकारालाच सांगता येईल.

तेव्हा त्याची किंमत होती साधारण १६ डॉलर.

ही किंमत स्वस्त अजिबात नव्हती, हे आधी लक्षात घ्या. त्या वर्षी अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला सव्वा डॉलर होतं. म्हणजे किमान वेतनावर काम करणाऱ्याला या एका चाकूसाठी जवळपास तेरा तास राबावं लागायचं. बाजारात साधे खिशातले चाकू याच्या कितीतरी खाली मिळत होते. नवी कंपनी, नवा माल, आणि भाव मात्र वरचा. आपल्याकडे नवीन धंदा सुरू करणारा पहिलं वाक्य म्हणतो, "सर, सुरुवातीला स्वस्तात देतो, मग वाढवू." बकने तसं केलं नाही. असो, तो विषय मोठा आहे.

आता हिशोब. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९६४ साली सरासरी ३१ होता. २०२४ साली तो ३१४ च्या आसपास पोचला. म्हणजे साठ वर्षांत महागाई दहापट. मग चाकूसुद्धा दहापट, म्हणजे १६० डॉलरला मिळायला हवा.

प्रत्यक्षात २०२४ साली तो ६५ ते ८० डॉलरच्या दरम्यान मिळत होता. हिशोबापुरते ७५ धरू. दहापटीच्या जागी पावणेपाच पट सुद्धा भरत नाही. महागाईच्या शर्यतीत चाकू अर्ध्या वाटेवर बसला.

पगाराच्या मापाने बघा, फरक आणखी मोठा दिसतो. १९६४ साली अमेरिकेतल्या साध्या कामगाराला तासाला सरासरी अडीच डॉलरच्या आसपास मिळत होते, २०२४ साली ३० डॉलरच्या आसपास. म्हणजे मजुरी बारापट. तेव्हा साधारण सहा-साडेसहा तासांच्या कमाईत येणारा चाकू २०२४ साली अडीच तासांच्या कमाईत येत होता. तोच चाकू, तीच कंपनी, अजूनही अमेरिकेतच बनलेला.

इथे एक गंमत सांगतो, मग पुढे जाऊ. १९६४ साली डॉलर होता ४ रुपये ७६ पैसे. म्हणजे तो चाकू आपल्या पैशात ७६ रुपयांचा. २०२४ च्या ८४ रुपयांच्या दराने ७५ डॉलरचे होतात ६,३०० रुपये. अमेरिकन माणसासाठी जी वस्तू स्वस्त होत गेली, तीच आपल्या रुपयात ऐंशीपटीहून जास्त वाढली. तुमच्यापैकी जे बाहेरून मशीनचे पार्ट, सेंट किंवा रंग मागवतात, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तुमचा माल परदेशात महागला नसला तरी तुमच्याकडे महागून येतो, आणि त्यात ना तुमचा दोष असतो ना विकणाऱ्याचा.

मग कारखान्याला परवडतं कसं?

मजुरी बारापट झाली, महागाई दहापट झाली, आणि माल पावणेपाच पटीलाही पोचला नाही. तरी कंपनी चालू आहे. तर मधला पैसा गेला कुठे? खरा अभ्यास इथे आहे.

घडीचा चाकू दिसायला सोपा असला तरी त्यात जुळवणीचं काम फार. पातं बंद करताना आणि उघडताना स्प्रिंगला अगदी बरोबर टेकलं पाहिजे. केसभर जागा राहिली तर पातं खुळखुळतं, केसभर घट्ट झालं तर उघडत नाही. जुन्या पद्धतीत कारागीर तुकडे लावून बघायचा, कानस मारायचा, परत लावून बघायचा, परत कानस मारायचा. चाकूच्या किमतीतला मोठा वाटा या 'परत'चा होता.

आता पाती पोलादाच्या पत्र्यातून अचूक प्रेसवर पाडली जातात किंवा लेझरने कापली जातात. घासायचं काम संगणकावर चालणारी मशीन करतात. हजारावा तुकडा पहिल्यासारखाच निघतो, त्यामुळे जुळवणीत कानस मारायची वेळच कमी येते. माणूस आहे, पण एका चाकूमागची त्याची मिनिटं घटली. तासाची मजुरी बारापट झाली तरी मिनिटंच कमी लागली, तर चाकूवर पडणारी मजुरी बारापट होत नाही. हे वाक्य वहीत लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

पोलादही बदललं. सुरुवातीच्या वर्षांत बक ४४० सी नावाचं कडक पोलाद वापरायचं. १९८० च्या दशकात ते सोडलं आणि नंतर ४२० एचसी या पोलादावर स्थिरावलं. हे नवं पोलाद कापायला, घासायला सोपं, मशीनची झीज कमी. धार तुलनेने लवकर उतरते, पण परत लावायला सोपी जाते, आणि भट्टीतली प्रक्रिया नीट केली तर गिऱ्हाईक समाधानी राहतं. यावर चाकूचे शौकीन आजही वाद घालतात. धंद्याच्या नजरेतून बघाल तर कंपनीने गिऱ्हाइकाला विचारलं, "तुला नक्की काय लागतं?" आणि जे लागत नव्हतं त्यावरचा खर्च काढून टाकला.

२००५ साली कंपनीने चक्क राज्य बदललं. कॅलिफोर्नियातला खर्च झेपेना म्हणून कारखाना उचलून आयडाहो राज्यातल्या पोस्ट फॉल्स या गावी नेला. आणि त्याच ११० चे भाऊबंद आणले. नायलॉनच्या मुठीचा, हलका, बराच स्वस्त एक. भारी पोलादाचा, हवी ती मूठ निवडून बनवून घ्यायचा, बराच महाग एक. मधला मूळ चाकू आपल्या जागी. ज्याला परवडत नाही तो खालचा घेतो, ज्याला मिरवायचं आहे तो वरचा घेतो, आणि कोणीही दुकानातून रिकाम्या हाताने जात नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. १९६४ साली चाकू गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात छापील किमतीला विकला जायचा. आता मोठी साखळी दुकानं आहेत, ऑनलाइन आहे. गिऱ्हाईक कमी पैसे देतं याचा अर्थ कारखान्याला तेवढेच कमी मिळतात असा नाही. मधल्या लोकांचाही वाटा घटलेला असतो.

स्वस्ताईचं बिल कोणी भरलं

इथपर्यंत वाचून वाटेल, वा, मशीन आणलं की झालं. थांबा.

जे टिकले ते आपल्याला दिसतात. जे गेले त्यांची नावं आता फक्त जुने चाकू जमवणाऱ्यांना माहीत आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिल गावची इंपीरियल श्रेड ही अमेरिकेतली चाकूची बडी कंपनी. 'ओल्ड टायमर' हा त्यांचा ब्रँड घरोघरी होता. २००४ साली तिने कुलूप लावलं. त्याच राज्यातली कॅमिलस ही १८७६ पासूनची कंपनी, दुसऱ्या महायुद्धात सैन्याला चाकू पुरवलेली, २००७ साली दिवाळखोरीत गेली. ही नावं पुढे दुसऱ्यांनी विकत घेतली आणि त्या नावांचे चाकू चीनमध्ये बनून येऊ लागले. नाव जिवंत राहिलं, गावातली नोकरी गेली.

दोघांकडे मशीन होती, नाव होतं, दुकानदारांची साखळी होती. पण बाहेरून येणाऱ्या मालाचा भाव त्यांच्या नुसत्या खर्चाच्या खाली होता. अशा वेळी कंपनी भाव वाढवू शकत नाही आणि खर्चही उतरवू शकत नाही. महागाईच्या मागे राहिलेला भाव कंपनीसाठी पराक्रम आहे की गळफास, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्याच्या मागचा खर्च किती उतरला हे बघावं लागतं.

म्हणूनच "मोठी कंपनी एवढ्याला देते, मग मीपण देतो" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिने तो भाव कशाच्या जोरावर धरलाय ते तुम्हाला दिसत नाही. कदाचित प्रेसच्या जोरावर, कदाचित लाखभर नगांच्या जोरावर. कदाचित तीपण आतून पोखरतेय आणि पुढच्या वर्षी बंद होणार आहे.

साडेबारा सेंटचा चाकू आणि हाताचं काम

आता चाकूच्याच दुनियेतली दुसरी बाजू.

मार्क ट्वेनच्या टॉम सॉयर या पुस्तकात टॉमला त्याची मावसबहीण मेरी एक 'बार्लो' चाकू बक्षीस देते. लेखकाने किंमतही दिलीय, साडेबारा सेंट. म्हणजे डॉलरचा आठवा भाग. पुस्तक १८७६ चं, गोष्ट साधारण १८४० च्या दशकातली. बार्लो हे नाव इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकू बनवणाऱ्या घराण्याचं, आणि पुढे तो चाकूचा प्रकारच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. टॉमच्या चाकूने काही कापलंच जात नसे, तरी तो अस्सल बार्लो आहे याचंच पोराला अप्रूप. ब्रँड म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

त्या काळच्या साडेबारा सेंटचे महागाईने आजचे अंदाजे पाचेक डॉलर होतात. आणि आज बार्लो केवढ्याला मिळतो? दोन उत्तरं आहेत. चीनमध्ये बनलेला १०-१५ डॉलरला. अमेरिकेत छोट्या कारखान्यात, हाडाची किंवा लाकडाची मूठ लावून, हाताने जुळवून बनवलेला ७०-८० पासून शंभराच्या पुढेही.

तोच आकार, तेच नाव. एक महागाईच्या दोन-तीन पट पुढे, दुसरा पंधरा-वीस पट पुढे. याचं कारण मघाशी वहीत लिहिलेल्या वाक्यात आहे. ज्या चाकूमागची माणसाची मिनिटं घटली तो स्वस्त राहिला. ज्याच्यामागे माणसाचा तास तसाच राहिला तो मजुरीच्या वेगाने महागला, आणि मजुरी दीर्घकाळात बहुतेकदा महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढते. न्हाव्याकडे दाढीला लागणारा वेळ पन्नास वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे. म्हणून दाढी महागते आणि कॅल्क्युलेटर स्वस्त होतो.

आपल्याकडे बघा. गावाच्या बाहेर पाल टाकून बसणारा घिसाडी ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद तापवतो, तो सांडशीत धरतो आणि त्याची बायको घण मारते. खुरपं, विळा, कोयता. लोखंड भंगारातलं, त्यात फार पैसा नाही. किमतीत आहेत ते दोन माणसांचे तास आणि कोळसा. आणि गिऱ्हाईक त्याच्याशी घासाघीस करतं ती बाजारातल्या मशीनवर पाडलेल्या विळ्याचा भाव सांगून! तो बिचारा देतोही. त्याच्या धंद्यात कुठलीच मिनिटं घटलेली नाहीत, पण भाव मात्र मिनिटं घटलेल्या मालाचा. हा आतबट्ट्याचा व्यवहार. त्याच्याकडे कोणी खाती लिहीत नाही म्हणून तो दिसत नाही, पण घरातली दोन माणसं अर्ध्या मजुरीवर राबत असतात.

तुमच्यातल्या किती जणांचा धंदा असाच आहे? घरगुती मसाले, फराळ, शिवणकाम, गोधड्या, हाताने बनवलेला साबण, लाकडी खेळणी. मनावर घेऊ नका, पण उत्तर मला माहीत आहे.

स्विस माणसाने काय केलं

१८८४ साली कार्ल एल्सेनर याने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी चाकूचं छोटं वर्कशॉप काढलं. तेव्हा स्विस सैन्याला लागणारे सैनिकी चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातून यायचे, कारण एवढा माल बनवण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कोणाकडे नव्हती. एल्सेनरने देशातले वीस-पंचवीस कारागीर एकत्र केले, म्हणाला आपलं काम आपणच करू. १८९१ साली सैन्याला पहिला माल दिला.

आणि मग झोलिंगेनच्या कारखान्यांनी तोच चाकू त्याच्यापेक्षा स्वस्तात देऊ केला. सोबतचे कारागीर एकेक करून बाहेर पडले. एल्सेनर एकटा राहिला, कर्जात बुडाला, घरच्यांनी आणि देणेकऱ्यांनी सांभाळून घेतलं म्हणून वाचला. सहकाराची भावना होती, मालही चांगला होता. पण लढाई भावाची होती, आणि भावाच्या लढाईत मोठा कारखाना जिंकतो.

तो सैनिकी चाकूचा भाव पाडत बसला नाही. त्याने स्प्रिंगची रचना बदलून त्याच जाडीत आणखी एक छोटं पातं आणि कॉर्कस्क्रू बसवला, चाकू हलका केला, आणि १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी केली. नाव दिलं अधिकाऱ्यांचा चाकू. सैन्याने तो अधिकृतपणे घेतला नाही! अधिकारी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन घेऊ लागले. सरकारी टेंडरच्या भावातून तो सुटला, आणि जो माणूस स्वतःच्या आवडीने घेतो त्याच्यापाशी पोचला. पुढे त्याने आईच्या व्हिक्टोरिया या नावावरून ब्रँड केला, १९२१ च्या सुमारास न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला, आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. तोच लाल चाकू, जो परदेशातून येणारा काका-मामा एकेकाळी भेट म्हणून आणायचा.

आता तुमचं रेटकार्ड काढा

हे सगळं चकलीवर आणू. आकडे माझे, समजण्यासाठी घेतलेले. तुम्ही तुमचे घाला.

समजा २०१५ साली तुम्ही चकली २५० रुपये किलोने देत होता. त्यात साहित्य १३०, हातांची मजुरी ७०, गॅस-पॅकिंग २०, आणि नफा ३०.

आपल्या देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला जाहीर करतं. २०१२ ला १०० धरलेल्या त्या मालिकेत २०१५ चा आकडा साधारण १२३-१२४ येतो आणि २०२४ चा साधारण १९० च्या आसपास. म्हणजे दीडपटीच्या थोडं वर. त्या हिशोबाने तुमची चकली आज ३८५ रुपये किलो हवी. तुम्ही ३८० ठेवलीय. वाटतं, बरोबर चाललंय.

आता बिलं काढा. समजा साहित्य २२० झालं, गॅस-पॅकिंग ४० झालं. आणि आज कोणी बाई कामाला ठेवायची म्हटलं तर त्याच कामाचे १५० द्यावे लागतात. झाले ४१०, आणि यात नफा अजून धरलाच नाही. तुम्ही महागाईच्या बरोबरीने भाव वाढवलात, तरी किलोमागे ३० रुपये पदरमोड करताय. ती दिसत नाही, कारण मजुरी तुमची स्वतःचीच आहे आणि स्वतःला कोणी पगारपत्रक देत नाही. शेजारीण म्हणते, "किती छान चाललंय तुझं, ऑर्डर संपत नाहीत!" ऑर्डर संपणार कशा, १५० चं काम तुम्ही १२० ला करताय.

निर्देशांकात धान्य, भाजी, कपडे, घरभाडं, प्रवास, औषधं सगळं एकत्र असतं. ती देशाची महागाई झाली. तुमच्या धंद्याची महागाई तुमच्या बिलबुकात असते, आणि हाताचं काम जेवढं जास्त तेवढी ती देशाच्या आकड्यापेक्षा पुढे पळते.

"मग थेट साडेचारशे करू का?" काही जणांनी करावे. ज्यांचं गिऱ्हाईक चवीसाठी, ओळखीसाठी, 'अमक्या काकूंची चकली' म्हणून येतं, त्यांनी नक्की करावे. तिथे तुम्ही हाताने बनवलेला बार्लो विकताय, त्याचा भाव पॅकेटवाल्याशी लावू नका. पण ज्यांचा माल दुकानात बाकीच्या दहा पाकिटांच्या रांगेत असतो, त्यांचा भाव तुम्ही ठरवत नाही, रांग ठरवते. तुमच्यासाठी बकचा रस्ता. मिनिटं कुठे जातात ते शोधा. भाजणी बाहेरून दळून-मिसळून मिळते का? हाताच्या सोऱ्याऐवजी छोटं मशीन दोन जणींत मिळून घेता येईल का? वजन-पॅकिंगला अख्खी दुपार जाते ती वाचेल का? दोन्ही रस्ते चालतात. हाताच्या खर्चाचा माल मशीनच्या भावाला विकणं, हा मधला रस्ता तेवढा चालत नाही, आणि मला भेटणारे निम्मे लोक त्यावरच उभे असतात.

आणि एक नायलॉनच्या मुठीचा चाकूपण ठेवा. म्हणजे पाव किलोचं साधं पाकीट, साध्या पिशवीत. किंमत वाढवल्यावर जे गिऱ्हाईक कचरतं त्याला द्यायला हातात काहीतरी हवं. नुसतं "परवडत नाही हो ताई" म्हणून तोंड फिरवू नका.

पुढच्या व्हिडिओत आपण स्वतःच्या तासाचा दर कसा काढायचा ते वहीवर लिहून करणार आहोत. तोपर्यंत दोन कामं करून ठेवा. आठ-दहा वर्षांपूर्वीचं एखादं बिल किंवा जुनी ऑर्डरची वही माळ्यावरून काढा. आणि एक दिवस, फक्त एकच दिवस, मोबाईलवर घड्याळ लावून एका नगाला किंवा एका किलोला तुमची किती मिनिटं जातात ते मोजा. मधे फोन आला, दूधवाला आला, तीपण मिनिटं धरा.